प्रश्नचिन्ह आत की बाहेर

चाकणच्या एका कंपनीत मी सेफ्टी विभागात आहे. अपघात झाला की कामगारांचे जबाब मराठीत घ्यायचे आणि इंग्रजीत लिहून अमेरिकेतल्या हेड ऑफिसला पाठवायचे, हे काम माझ्याकडे.

गेल्या वर्षी प्रेस शॉपमध्ये एका फिटरची दोन बोटं चेंगरली. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, साफ करायला त्याने हात घातला तेव्हा मशीन बंद झालेलंच नव्हतं. पलीकडच्या बाजूला ऑपरेटर होता, मावळातला, पन्नाशीचा. त्याने जबाबात सांगितलं, ‘‘मी म्हनलं, मशीन बंद हाय? तर त्यानं हातच घातला.’’

मी शब्दाला शब्द ठेवून लिहिलं: ऑपरेटर सेड, “मशीन इज ऑफ?” प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत, कारण प्रश्न त्याचा होता.

आमच्या साहेबांना वाटलं, अमेरिकन पद्धतीत फक्त पूर्णविराम आणि स्वल्पविराम आत जातात. त्यांनी प्रश्नचिन्ह बाहेर काढलं आणि मेल पाठवून दिला. बाहेर आल्यावर तो प्रश्न कंपनीचा झाला: तो असं म्हणाला का? हेड ऑफिसचं उत्तर आलं, रिपोर्टमध्ये शंका नको. त्यांनी प्रश्नचिन्ह काढून टाकलं, अवतरणाच्या आत पूर्णविराम दिला आणि उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवा म्हणाले.

आता वाचणाऱ्याला दिसत होतं, की मशीन बंद आहे असं ऑपरेटरनेच सांगितलं. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. हे टिंब तसंच गेलं तर तो कायमचाच घरी बसला असता.

साहेबांकडे गेले. ते चिडले नाहीत, तेच जास्त अवघड गेलं. ‘‘मॅडम, चूक माझी असेल. पण त्याने विचारलंच होतं, याची तुम्हाला खात्री आहे?’’

नव्हती. ‘का’ तर तो म्हणालाच नव्हता. मी फक्त त्याचा चढलेला सूर ऐकला होता, तोही अपघातानंतर. सूर मीच चढवून ऐकला असेल तर?

कंपनी सुटल्यावर चिंचवडला हॉस्पिटलमध्ये गेले. बसमध्ये सारखं ते एकच वाक्य मनात म्हणून बघत होते, कधी चढवून, कधी उतरवून. फिटर बीडकडचा पोरगेला माणूस, हात उशीवर ठेवून बसला होता.

‘‘ऑपरेटर नेमकं काय म्हणाला होता?’’ मी विचारलं.

‘‘मशीन बंद हाय म्हनला की.’’

‘‘सांगितलं की विचारलं?’’

‘‘ताई, आमच्याकडं इचारायचं असलं की ‘का’ लावतेत. त्यानं न्हाई लावला. मला वाटलं सांगायलाय.’’ मग हळूच म्हणाला, ‘‘सांगून झाल्यावर पुन्हा ‘आरं, बोल की’ का म्हनला असंल?’’

हे ‘बोल की’ मला ठाऊकच नव्हतं. जिन्यातूनच ऑपरेटरला फोन लावला. ‘‘व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘त्यो बोलना, म्हनून म्हनलं. तवर झालं समदं.’’ उत्तराची वाट बघत होता, म्हणजे त्याने विचारलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते एक वाक्य मोडून तीन केली. ऑपरेटरने विचारलं, त्याचं प्रश्नचिन्ह आत. फिटरने ऐकलं ते विधान, त्याचा पूर्णविराम आत. आणि ‘बोल की’ वेगळं. साहेबांनी एकेक चिन्ह बोट ठेवून वाचलं आणि सही केली. हेड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. दर मेलच्या आवाजाला मी स्क्रीनकडे वळायचे.

तिन्ही वाक्यं मान्य झाली. ऑपरेटरला कामावर घेतलं, पण त्या प्रेसवर नाही. बंद करणाऱ्याने मशीनला स्वतःचं कुलूप लावायचं, तोंडी काही चालणार नाही, असा नियम आला. फिटरचं एक बोट मात्र वाकत नाही.

फिटर परत आला त्या दिवशी कँटीनमध्ये दोघं एका टेबलावर बसलेले दिसले. ऑपरेटर खाली मान घालून काहीतरी म्हणाला. फिटरने काय उत्तर दिलं ते मला लांबून ऐकू आलं नाही. ताट हातात धरून मी तशीच उभी राहिले, फिटर उठून जातोय की काय या भीतीने. तो उठला नाही.