दुपारचा ब्लॉक

आमच्या गावात रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वेत कामाला म्हणजे मी गाड्या चालवतो, असं कासारसाईत सगळे धरून चालतात. थोरले चुलते तर जत्रेत दिसले की चारचौघांत विचारतात, "काय मास्तर, कुटं लावली गाडी?" समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलं. भूगावच्या फ्लॅटमधून निघून पुण्याच्या ऑफिसात जायचं आणि रुळांच्या दुरुस्तीसाठी वेळ काढून द्यायचा, एवढंच माझं काम. रूळवाल्यांना अख्खा दिवस लाईन मोकळी हवी असते, गाड्यावाल्यांच्या हातून एक मिनिट सुटत नाही. दोघांशी हुज्जत घालून मधली फट शोधायची. तेवढा वेळ गाड्या बंद. त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याच्या शिव्या दोन्हीकडून मला.

वडील सकाळी गेले. बरेच दिवस अंथरुणाला होते, तरी चहा मागितला, अर्धा प्यायले आणि गेले. मला रडू आलं नाही. बायका रडत होत्या आणि मी गावच्या घराच्या अंगणात उभा राहून कोण कशानं येणार, कुठं उतरणार, हे फोनवर विचारत होतो. कामाची सवय, दुसरं काय.

बहीण सोलापूरकडे दिलेली. तिचा फोन आला तेव्हा ती गाडीत बसलीसुद्धा होती.

"दादा, मी येईस्तोवर आण्णांना न्हेऊ नका. मला तोंड बघायचंय."

कुठल्या गाडीत बसलीस, मी विचारलं. तिनं सांगितलं. त्या दुपारचा ब्लॉक मीच बसवलेला होता. ती गाडी एका लहान स्टेशनात थांबवून ठेवायची, हेही पंधरवड्यापूर्वी मीच ठरवलं होतं. आजूबाजूला नुसता ऊस, उतरून दुसरं काही धरावं अशी सोय नाही. तिला मी यातलं काही बोललो नाही. बोलून गाडी हलणार नव्हती.

ऊन उतरायला लागलं तसे चुलते जवळ आले.

"कुटवर आली रं ती?"

"गाडी थांबलीय. रुळाचं काम चाललंय."

"मंग तू कशाला हायेस तितं? लाव की फोन. सोडा म्हणावं."

मला त्यांचा राग आला. दिवसभरात जाणवलं असं तेवढंच. तरी फोन लावला, कारण माझ्याही मनात तेच होतं. माझ्या जागी बसलेला सहकारी सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाला, "जुना रूळ काढून बाजूला ठेवलाय रे. नवा अजून बसायचाय. काय करू, सांग."

"काही करू नकोस," मी म्हणालो. "त्यांना घाई करायला लावू नकोस."

चुलते समोरच उभे होते. "दिवस बुडायच्या आत झालं पायजे. आपल्यात रातचं करत न्हाईत. तूच सांग आता, थांबायचं का उचलायचं?"

बाकीचेही माझ्याकडेच बघत होते. वेळ मीच द्यायची होती. ती किती वाजता पोचेल, हे मला बसल्या जागी सांगता आलं असतं. तोवर अंधार पडणार होता.

"उचला," मी म्हणालो. ऑफिसात बोलतो त्याच आवाजात.

गावच्या धरणाच्या कडेला सगळं उरकलं. मडकं खांद्यावर घेताना पाणी अंगावर सांडलं, गार होतं एवढं कळलं.

बहीण आली तेव्हा अंगणात माणसं पांगली होती. ती धावत आत गेली. वडिलांच्या जागी पणती तेवत होती. पणतीसमोर ती बसून राहिली. मी दारात उभा होतो.

"मी खिडकीतनं बगत हुते," ती म्हणाली. "लई माणसं हुती रुळावर. उन्हात राबत हुती. झालं का रं त्यांचं काम?"

"झालं," मी म्हणालो. "वेळेत झालं."