मी गप्प केलेलं मशीन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा हा विषय मी शिताफीने टाळते — जणू त्याला माहीतच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि वनितालाही ओळखत नाही, हे त्याहून बरं.

कुठून सुरुवात करू? मशीनपासून करते. मशीनविषयी बोलणं मला सोपं जातं.

तळोज्याच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे. बिस्किटांचे पुडे पट्ट्यावरून सरकत येतात आणि एका चौकोनी कमानीखालून जातात. ही कमान म्हणजे मेटल डिटेक्टर. पुड्यात लोखंडाचा कण जरी असला तरी घंटा वाजते आणि पट्टा थांबतो. पण ती कमान स्वतः शुद्धीवर आहे की नाही, हे कसं कळायचं? त्यासाठी दर तासाला आपणच धातूची बारीक गोळी बसवलेली एक पट्टी तिच्याखालून सोडायची. तिला आम्ही टेस्ट पीस म्हणतो. घंटा वाजली की वहीत सही. नाही वाजली, तर मागच्या सहीपासूनचा सगळा माल रोखून धरायचा. एकही पुडा बाहेर जाता कामा नये. काम सुरू करताना टेस्ट, संपवताना टेस्ट. नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते.

दुसरं मशीन माझं स्वतःचं. मध्यंतरी मला मोबाइलवर व्हिडिओ बघायचं वेड लागलं होतं. परदेशातली माणसं उजाड माळावर हातात एक दांडा धरून फिरतात. दांड्याच्या टोकाला थाळी असते. ती आवाज करते, माणूस गुडघ्यावर बसतो, माती उकरतो — आणि तळहातावर सोन्याचं ढेकूळ! घडवलेलं नाही, दुकानातलं नाही, मातीतून उचललेलं. मी बघत बसायचे आणि इकडे भाजी करपायची. शेवटी दिवाळीच्या बोनसमधून तसलंच एक मशीन मागवलं. आमचे हे मूळचे साताऱ्याकडचे. खोक्याकडे बघून म्हणाले, "आता कामोठ्यात खाण निघतीया म्हणायची!"

कामोठ्यात कसली खाण? इथली निम्मी जमीन म्हणजे भराव. माती कुठल्या तरी डोंगराची, वर सोसायट्या. पण मी ऐकते थोडीच. सुट्टीच्या सकाळी खाडीकाठी, मैदानावर, गणपती गेले की विसर्जनाच्या घाटावर — मी दांडा घेऊन हजर. मिळायचं काय? बाटल्यांची बुचं, खिळे, साडीच्या पिना, दहा पैशांची नाणी, एकदा एक चांदीचं जोडवं. सोनं गुंजभरसुद्धा नाही. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारायच्या, "काय मॅडम, आज किती तोळे?" मीही हसायचे. पण ते लागायचं. अशी तीन वर्षं गेली.

या मशीनची एक सोय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक धातूला त्याच्या पडद्यावर एक आकडा येतो. लोखंडाचा खाली, तांब्याचा वर, सोन्याचा मधेच कुठेतरी — आणि नेमका तिथेच गुटख्याच्या चकाकत्या पुड्यांचा. खाडीकाठी त्या पुड्यांचा खच. म्हणून मशीनला सांगता येतं की बाबा, या मधल्या आकड्यांवर तू बोलू नकोस. एक बटण दाबायचं. मग ते तेवढ्यापुरतं मुकं होतं, बाकीचं सगळं ऐकवतं.

आता वनिता.

वनिता आठ वर्षं माझ्या हाताखाली आहे. हाताला चपळ, तोंडाने कमी. तिचं सासर उलव्याच्या बाजूचं, जुनं आगरी गाव. ते एका मोठ्या प्रकल्पात गेलं. सगळ्या गावाने घरं सोडली, नव्या प्लॉटवर नवी बांधली. त्या हलवाहलवीत तिच्या सासूची सोन्याच्या पुतळ्यांची माळ दिसेनाशी झाली — सासूला तिच्या सासूकडून आलेली, लग्नकार्यालाच बाहेर निघणारी. आणि त्याच महिन्यात वनिताच्या भावाचं लग्न झालेलं. घरच्यांना एवढं पुरलं. भावाच्या लग्नाला हिनेच माळ पोचवली, असं सासू बोलली, मग जाऊ बोलली, मग नवरा बोलायचा थांबला.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत वनिता माझ्याजवळ येऊन बसली. "मॅडम, मना चोर बोलतान घरान. तुमची मशीन एकदा फिरवा ना तिथं. घर पाडलाय, पन जमीन हाय अजून."

मला काय वाटलं, सांगू? दया नंतर वाटली. आधी अभिमान वाटला. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मशीनला काम दिलं होतं.

रविवारी सकाळी गेलो. दारं-चौकटी, कौलं सगळं लोकांनी काढून नेलं होतं. भिंती गुडघ्याएवढ्या, पण सारवलेली जमीन तशीच, चूलही तशीच. पलीकडे डंपर ये-जा करत होते. वनिताची सासू हट्टाने सोबत आली होती आणि शेवग्याखाली बसली होती. माझ्या दांड्याकडे तिने असं पाहिलं, जणू मीच माळ घेऊन चालले आहे. तेव्हा तसं काही नव्हतं.

"मॅडम, आधी टेस्ट," वनिता म्हणाली. कारखान्यातली सवय! तिने कानातली सोन्याची कुडी काढून जमिनीवर ठेवली. मी थाळी फिरवली, मशीन वाजलं. सासू उठून जवळ आली आणि पुन्हा करायला लावलं. पुन्हा वाजलं. म्हातारीचा चेहरा जरा सैल झाला. वनिता हसली. ती तशी हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

डंपरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी हेडफोन लावले आणि कोपऱ्या-कोपऱ्याने निघाले. एक खिळा लागला, तो तसाच ठेवला. मोडका अडकित्ता लागला. वनिता रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या रिक्षातून पाणी आणायला गेली. म्हातारी परत शेवग्याखाली, माझी पाठ तिच्याकडे. आणि चुलीमागच्या कोपऱ्यात कानात आवाज आला. स्वच्छ, गोल आवाज. इकडून फिरवा, तिकडून फिरवा — आकडा तोच.

गुडघ्यावर बसले. खुरप्याने सारवण उचकटलं. चार बोटं खाली कुजकं फडकं, आणि फडक्यातून डोकावणारी एक पिवळी कड, तिच्यावर उमटवलेली बारीक आकृती. पुतळी.

ती तिथे कशी गेली? म्हातारीनेच चोरांच्या भीतीने पुरली आणि विसरली असेल. उंदरांनी गाठोडं ओढलं असेल. मला माहीत नाही. वनिताने पुरली नव्हती एवढं नक्की; जिने पुरली ती मशीन घेऊन या म्हणून कशाला विनवेल?

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. आणि मग मनात आलं — ओरडले, की संपलं. म्हातारी झडप घालेल, दोघी रडतील, गळ्यात पडतील, आणि मी कोण? दांडा धरणारी बाई. संध्याकाळी लिफ्टमध्ये पुन्हा तेच: आज किती तोळे? इतकी वर्षं उन्हात फिरून मला पहिल्यांदा सोनं दिसलं होतं. ते मला माझं हवं होतं. विकायला नाही, घालायला नाही. एकटीने, माझ्या हाताने, सावकाश मातीतून उचलायला हवं होतं. याला काय म्हणतात? चोरीच म्हणतात. मीही तेच म्हणते.

मी माती लोटली. पायाने दाबली. आणि ते बटण दाबलं.

वनिता पाणी घेऊन आली तेव्हा मी मान हलवली. म्हातारी म्हणाली, "मना पन ऐकव." मी हेडफोन काढून टाकले आणि आवाज मोठा केला. सगळं घर पुन्हा फिरले — ओटी, माजघर, चूल. चुलीमागचा कोपरा तर दोनदा. मशीन गप्प. मग मी थाळी त्या मघाच्या खिळ्यावरून नेली. मुद्दाम नेली. मशीन वाजलं. म्हणजे बघा, कुणाच्या मनात शंका राहायला नको.

म्हातारीने खिळ्याकडे पाहिलं. मग वनिताकडे वळली.

"कुडीवर बोलली. खिल्यावर बोलली. माळ आसती तं बोलली नसती?"

तोवर तो नुसता संशय होता. संशय आज असतो, उद्या विरतो. एखाद्या सणाला माणसं सगळं विसरून एका ताटात जेवतात. मी त्याचा पुरावा केला. जी निर्दोष ठरायला मला घेऊन आली होती, तिच्यावर मी शिक्का मारला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे फास चोरानेच विणला.

काम संपवताना टेस्ट घ्यायची असते. वनिताला ते माहीत होतं. एरवी ती विसरत नाही. त्या दिवशी तिने मागितली नाही. तिच्या मॅडमने शोधलं होतं ना — मग कशाला? घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावलं, माझी कुडी फरशीवर ठेवली आणि वरून थाळी फिरवली. मशीन चकार शब्द बोललं नाही. मागच्या सहीपासूनचा सगळा माल रोखून धरायचा हा नियम मला पाठ होता. मी कुडी पुन्हा कानात घातली आणि कणीक भिजवली.

मग उकरून का आणली नाही, असं विचाराल. पुढचे सहा दिवस माझी पहिली पाळी होती आणि घरी यायला चार वाजायचे; तिथे जाऊन उकरेपर्यंत अंधार झाला असता. रजा टाकता आली असती, पण रजेच्या अर्जावर कारण काय लिहू, या विचारानेच मला लाज वाटली. चोरीसाठी रजा टाकायची लाज! बघा, कुठे वाटली ती. पुढच्या रविवारी गेले तर शेवगा नव्हता, चूल नव्हती, काहीच नव्हतं. दोन पुरुष उंचीचा भराव पडला होता आणि वर रोलर फिरत होता. तेलही गेलं, तूपही गेलं. त्या पुतळ्या आजही तिथेच आहेत, कुठल्या तरी डोंगराच्या मातीखाली.

म्हणजे मला काहीच मिळालं नाही. मग सांगून टाकायला काय हरकत होती? मी स्वतःला समजावलं — आता पुरावा कुठाय, कोण विश्वास ठेवेल? पण वनिताला चोर ठरवायला कुणी माळ दाखव म्हटलं नव्हतं. एका मशीनचं गप्प बसणं पुरलं. तिला सोडवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यात मी असणार होते, एवढीच अडचण होती.

वनिताच्या भावाला तिच्या घराची पायरी बंद झाली. भावाच्या मुलीच्या बारशाला ती गेली नाही, जाऊ दिलं नाही. नव्या घराच्या वास्तुशांतीला थोरली जाऊ पूजेला बसली, वनिता पंगतीत वाढत होती. दोन वर्षांनी सासू आजारी पडली. शेवटच्या दिवसांत वनिता पाया पडायला वाकली, तर म्हातारीने पाय आखडून घेतले. हे तिने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं, डबा उघडता उघडता, पाऊस पडला सांगावं तसं. माझ्यासाठी वालाचं बिरडं आणलं होतं. मी खाल्लं.

आणि त्याच दिवशी तिने विचारलं, "मॅडम, तुमची मशीन चुकत नाय ना कदी?"

मी म्हटलं, "नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मंग माजेच हातून काय तरी झाला आसंल. मीच कुठं तरी टाकली आसंल." तेव्हापासून ती तसंच मानते. घरातल्यांनी चोर म्हटलं ते तिने कधी मानलं नव्हतं. माझं "नाही" तिने मानलं.

माझं मशीन माळ्यावर आहे, बॅटरी काढून. ह्यांना वाटतं, बाईचा नाद सुटला.

वनिता आता कमानीवरच असते. तिचं नाव मीच सुचवलं. ते प्रायश्चित्त म्हणून धरू नका, तिच्याइतकं चोख काम दुसरी कुणी करत नाही, म्हणून सुचवलं. दर तासाला ती टेस्ट पीस सोडते. घंटा वाजते, पट्टा थांबतो. ती वही माझ्यापुढे धरते आणि म्हणते, "मॅडम, बरोबर हाय ना?"

मी सही करते.