रबराने लक्षात ठेवलेलं म्हैसूर

रबरात माहिती साठवते, असं मी सांगितलं की नातेवाईक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग कीव आल्यासारखे आईकडे.

पण ते रबर बघायला हवं! पोळपाटाएवढा तुकडा, त्यावर हरभऱ्याएवढे फुगवटे. एखादा दाबला की टप्पकन आत जातो आणि आतच राहतो. मागून ढकलला की वर येतो. आत आणि वर, एवढ्यावर काहीही लिहिता येतं. वीज नको, बॅटरी नको. पिळा, आपटा, लिहिलेलं पुसत नाही. मी इतकी हुरळले होते की नाश्त्याची इडलीसुद्धा दाबून बघायचे.

त्या सकाळी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीसमोर परीक्षा होती. पटलं तर काम पुढे चालणार, नाही तर सगळं बासनात. मी सगळ्यांसमोर टपाटप फुगवटे दाबून कानडीत ‘मैसूरु’ लिहिलं, रबर पिळलं, जमिनीवर आपटलं आणि ऐटीत अध्यक्षांपुढे धरलं.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “इदु याव भाषे, अम्मा?”

ही कुठली भाषा? मी वाकून बघितलं. सगळा शब्द आरशातल्यासारखा उलटा!

आम्ही मूळचे कापडावर छपाई करणारे रंगारी. बाबांनी मला अक्षरं लाकडी ठशावर शिकवली, आणि ठशावर ती उलटीच काढायची, तेव्हा कापडावर सुलटी उमटतात. घाबरलेल्या हाताने घरचीच रीत धरली होती.

आणि मग मला हसूच फुटलं. अहो, मी ठसाच तर केला होता! टेबलावरचं शिक्क्याचं पॅड उचललं, रबरावर फिरवलं, रबर कागदावर दाबलं. निळ्यावर पांढरं, स्वच्छ ‘मैसूरु’.

त्यानंतर समिती कसली, जत्राच. प्रत्येकाला आपापलं नाव दाबून छापायचं होतं. अध्यक्षांनी मंजुरीच्या कागदावर सही केली, तेव्हा शेजारी त्यांचा निळा अंगठाही उमटला. मी रिक्षात मोठमोठ्याने हसत घरी आले.

बाबांनी मंजुरीचा कागद बाजूला ठेवला. छापलेला कागद मात्र खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. आता मला धडधडायला लागलं. समितीपुढेही इतकं झालं नव्हतं.

“परवागिल्ला,” ते म्हणाले. बरं आहे, यापलीकडे त्यांनी कधी कुणाच्या छपाईची स्तुती केलेली नाही. “शाई जास्ती झाली गे. आण ते रबर इकडे.”