दोन विहिणी, दोन डब्या

थुंकणं आमच्या घरच्या रीतीत बसतच नव्हतं. सर्दी-खोकल्यातसुद्धा तोंडाला रुमाल लावून मोरीत जायचं, दार ओढायचं, नळ सोडायचा आणि मग काय ते. आईने मला वरणभाताच्या आधी हे शिकवलं असावं. त्यामुळे खोकला जाईना म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांनी झाकणाची प्लास्टिकची डबी हातावर ठेवली आणि "उद्या सकाळचा कफ यात तपासायला द्या, टीबी नाही ना एवढं बघू" म्हणाले, तेव्हा टीबीची भीती राहिली बाजूला, मला त्या डबीचीच लाज वाटली.

पण तपासायला तर हवंच होतं. मुलीला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे. डोहाळजेवण झालं की ती ठाण्याहून, सासरहून, इकडे यायची होती. खोली रंगवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. आणि मी ही अशी, ढास लागली की भिंत धरणारी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रिपोर्ट आल्याशिवाय तिला आणायचं नाही.

तपासणी आमच्या इथेही होते. पण मी अख्खी नोकरी बँकेच्या काउंटरवर काढली, निम्म्या डोंबिवलीला माझं तोंड पाठ. म्हणून कळव्यातलं एक लहानसं केंद्र शोधून काढलं. स्टेशनवरही कुणी भेटायला नको, म्हणून रिक्षा केली. शीळफाट्याला ती अडकली ती अडकलीच. डबी कागदात, कागद स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर.

"काकू, लोणचं सांडतंय काय? केवढं घट्ट धरून बसलाय," रिक्षावाला म्हणाला.

मी त्याला समोर बघायला सांगितलं.

केंद्रातल्या बाकावर बसले, मास्क सारखा केला आणि शेजारी बघते तर विहीणबाई. माझ्या मुलीची सासू. ठाण्यात राहणाऱ्या बाईचं कळव्यात काय काम? त्यांच्या मांडीवरही पिशवी, सराफाकडे मिळते तसली, मखमली. आम्ही दोघी हसलो, कार्यात हसतात तसं.

"इकडे कुठे?" त्यांनी विचारलं.

"गुडघे हो. इथे चांगले डॉक्टर आहेत म्हणे."

"माझेपण गुडघेच," त्या म्हणाल्या आणि खोकल्या. मग मीही खोकले. मग आम्ही डोहाळजेवणाला हिरवी साडी घ्यायची की मोतिया यावर बोलत बसलो.

तेवढ्यात तपासणारी मुलगी दारात आली. "कफाचे नमुने आणलेत त्यांनी पुढे या." बाकावर आम्ही दोघीच. मी समोरच्या भिंतीकडे बघितलं, विहीणबाईंनी पंख्याकडे. "कुणीच नाही?" मुलीने पुन्हा विचारलं.

माझी पोर आज या बाईच्या हातचं खात होती, उद्या माझ्या हातचं खाणार होती. दोघींपैकी एकीच्या छातीत जरी काही असलं, तरी ते तिच्यापर्यंत आणि पोटातल्या जिवापर्यंत पोचायला कितीसा वेळ? हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. तरी मी उठले नाही. मला स्वतःची एवढी शरम कधी वाटली नव्हती, आणि तरी मी उठले नाही.

विहीणबाई उठल्या. "मरू दे ती लाज. माझा आहे," म्हणाल्या. मग माझ्या पिशवीकडे बघून, "आणि ह्यांचापण आहे वाटतं."

काचेपलीकडे ती मुलगी काम करायला लागली. नंतर तिनेच समजावून सांगितलं, मशीनमध्ये कफ तसाच घालत नाहीत. आधी एका औषधाने पातळ करायचा, मग हातात मावेल अशा एका नळीतून अंगठ्याने दाबून काढायचा. आतल्या गाळणीत जंतूचा अंश अडकतो, तो धुऊन घ्यायचा आणि त्याचे चार थेंब मशीनला द्यायचे. वीज नाही, काही नाही, सगळा अंगठ्याचा खेळ. मला तर तो चकलीचा लहान सोऱ्याच वाटला. विहीणबाईंचा नमुना दाबताना तिचा अंगठा पांढरा पडला. माझी डबी तिने उजेडात तिरकी केली आणि बाहेर आणून परत दिली.

"मावशी, ही लाळ आहे. अशी चालत नाही. मागच्या अंगणात जा आणि आतून खाकरून काढा."

मला येत नव्हतं. या वयात, शिकलेल्या बाईला, खाकरता येत नव्हतं. अंगणात उभी राहून मी नुसतीच घसा साफ केल्यासारखं करत होते, सभेत बोलायच्या आधी करतात तसं. विहीणबाई मागून आल्या, थोड्या लांब उभ्या राहिल्या.

"श्वास खोल घ्या. धरा. आता पोटातून. अहो, आमच्याकडे सकाळी बेसिनपाशी खाकरतात ते ऐकलंय ना तुम्ही? तसंच."

ऐकलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला गेले तेव्हा मी लेकीला हळूच म्हटलं होतं, काय गं ही माणसं, निदान दार तरी लावा. हळूच म्हणजे किती हळूच, ते मला त्या अंगणात कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण त्या मोजत होत्या, मी श्वास धरत होते, आणि शेवटी आला एकदाचा. त्यांनी पुढे होऊन डबीत वाकून बघितलं आणि "हां, आता कसं" म्हणाल्या.

यावेळी माझा नमुना दाबतानाही त्या मुलीचा अंगठा पांढरा पडला. मला बरं वाटलं, चक्क.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाले. त्यांच्यात काही नव्हतं. माझ्यात होतं.

विहीणबाई माझ्यापासून लांब सरकल्या नाहीत. "बाळंतपण माझ्याकडे. तुम्ही गोळ्या वेळेवर घ्या," त्या म्हणाल्या. "लोकांना मी गुडघ्यांचं सांगेन. तिला मात्र तुम्हीच खरं सांगा. मी काही बोलायची नाही."

घरी येऊन मी फोन लावला. गुडघे ओठांवर आलेच होते, ते गिळले आणि म्हटलं, "अगं, मला टीबी निघालाय. बरा होतो. पण तू इकडे येऊ नकोस."

पलीकडून आधी दार ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ नळ सोडल्याचा. आणि अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आई, तू काळजी करू नकोस. मी इथे कुणाला कळू देणार नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांना काय वाटेल आपल्याबद्दल?"

नळ चालूच होता. हा नळ मीच तिला शिकवला होता.

"तो नळ बंद कर," मी म्हटलं, "आणि फोन त्यांच्याकडे दे."