मुळीचं हिरवं टोक

ऑर्किड पाहिलं की मला बोरी अरब गावी एसटीत माझ्या शेजारी येऊन बसलेला एक म्हातारा आठवतो. वाटभर त्याने कुंडी मांडीवर धरली होती. झाड बायकोचं होतं आणि ती यवतमाळला दवाखान्यात होती. घरी एकटं पडलेल्या झाडाला त्याने मायेने कपाशीच्या वावरातली काळी माती घातली, तर तिच्या ओलीने मुळ्याच सडल्या. मग सडकं कापून त्याने ते कोळशाच्या तुकड्यांत आणि नारळाच्या शेंड्यांत बसवलं.

“फूल कोठी हाये, बाबाजी?” कंडक्टरने विचारलं.

त्याने पानाखालून नुकत्याच फुटलेल्या मुळीचं हिरवं टोक दाखवलं. “फूल येईन तवा येईन. राहाचं तं ठरवलं त्यानं.”

यवतमाळला उतरण्याआधी त्याने कुंडी फिरवून ते टोक समोर आणलं. खाटेवरूनच तिले दिसलं पाहिजे, म्हणाला.