खालून वाचायची यादी

'खालील विधाने खरी माना' असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर हे सांगणारा कोण, असं तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?

मी विचारलं नव्हतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'तर्क व अनुमान' या प्रकरणाच्या डोक्यावरच सूचना असायची, की दिलेली विधाने वस्तुस्थितीशी जुळत नसली तरी ती खरी मानून निष्कर्ष काढावा. केजच्या क्लासमधल्या सरांनी ती फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. डोकं चालवायचं, पण पहिल्या ओळीवर चालवायचं नाही. जो पहिल्या ओळीशी भांडत बसला त्याचा वेळ गेला, आणि वेळ गेला की नोकरी गेली.

घरी मी हे मोठ्यानं वाचायची.

"सर्व टेबल हत्ती आहेत. सर्व हत्ती छत्र्या आहेत. निष्कर्ष, सर्व टेबल छत्र्या आहेत. निघतो का निघत नाही?"

आबा, म्हणजे माझे वडील, दाराशी बसून दावं वळत होते. त्यांनी मान वर केली.

"कावून टेबल हत्ती हाय?"

"मानायचं, आबा."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकानं."

"आन् पुस्तक कुणी छापलं?"

चुलीपुढून माय ओरडली, "आवो, लेकराला नोकरी लागू द्या की! टेबल हत्ती झालं तर झालं. तुमच्या दावणीचा चारा खायलंय का ते?"

आबा हसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. पटणारही नव्हतं. त्यांचं सगळं शिक्षण पत्रकांवर झालेलं. आमचं घर बौद्ध, आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला, आणि वारसा म्हणून आबांना मिळाली ती पत्र्याची एक पेटी. तिच्यात सभांची, मोर्चांची, जयंतीची, संपाची पत्रकं होती, गुलाबी, पिवळी, कडा झडलेली. मी अक्षर ओळखायला शिकले ती त्याच कागदांवर. आबांची वाचायची रीत मात्र उलटी होती. पत्रक हातात आलं की आधी तळाची ओळ. छापणारा कोण, सही कुणाची, हे तिथं असतं. "मानूस गोड बोलतो ते वर," ते म्हणायचे, "आन् खरं बोलतो ते खाली, बारीक अक्षरात. म्हून खालून वर जायचं."

आमच्या गावात दूध संस्था होती. गावाचं नाव लिहीत नाही. नांदूरघाटच्या बाजाराला जाणाऱ्या कुणालाही ते रस्त्यात लागतं. संस्था निघाली त्या काळात आमच्या वस्तीचं दूध गावात खपत नव्हतं. हॉटेलवाला घ्यायचा नाही, घरं घ्यायची नाहीत. म्हैस तीच, कडबा तोच, पण दूध आमचं. आबा आणि त्यांच्या वयाचे चारपाच जण संस्थेसाठी दारोदार फिरले, तालुक्याला खेटे घातले. संकलन केंद्र सुरू झालं त्या दिवशी आमच्या वस्तीची चरवी आणि पाटलाच्या आळीची चरवी एकाच कॅनमध्ये रिकामी झाली. आबा ही गोष्ट शंभरदा सांगायचे आणि दर वेळी शेवटी हाताचे पंजे उघडून दाखवायचे. "कॅनात गेल्यावर सांग कुणाचं कोणचं! मीटर फॅट मोजतं, आडनाव न्हाई."

मग लागोपाठ पावसानं पाठ फिरवली. टंचाई जाहीर झाली, टँकर दिवसाआड यायचा. माणसांनाच पाणी पुरेना तिथं म्हशीला कुठलं. आमची म्हैस आटली. वस्तीतल्या सगळ्याच आटल्या. ज्यांच्या विहिरीला किंवा बोअरला थोडं पाणी होतं त्यांचंच दूध केंद्रावर जात राहिलं. तरी आबा रोज सकाळी धुतलेला सदरा घालून केंद्रावर जायचे, पायरीवर बसून पेपर वाचायचे. हात हलवत जाणाऱ्या माणसाला माय टोमणा मारायची, "काय वो, आज किती लिटर पेपर घातला?"

संस्था चालेना, म्हणून ती एका खाजगी डेअरीवाल्याच्या ताब्यात द्यायची, असा ठराव निघाला. खास सभा लावली. आबा महिनाभर त्या सभेचीच वाट बघत होते. त्यांना ठाऊक होतं की खाजगी डेअरीचा दूध गोळा करणारा टेम्पो कुणाच्या दारात थांबायचं आणि कुणाच्या नाही हे स्वतः ठरवतो. संस्थेला ते ठरवता येत नव्हतं. एवढाच फरक होता, आणि आमच्यासाठी तोच सगळा होता. वस्तीतल्या प्रत्येकाचा हात विरोधात वर जाणार होता.

सकाळचं संकलन उरकलं की केंद्राची खोली मोकळी असायची. पंखा होता, शांतता होती. मी तिथं अभ्यासाला बसायची. एक दिवस संस्थेचे सचिव समोर येऊन बसले. त्यांना आम्ही काका म्हणायचो.

"ताई, तुझं अक्षर छापल्यावाणी हाय. सभेची मतदार यादी करायची. करतीस का? तुझ्या परीक्षेचीच तयारी हुईल."

"नियम काय काका?"

"सोपा हाय. ज्यानं वर्षात निम्म्याच्या वर दिवस दूध घातलं तो क्रियाशील सभासद. क्रियाशीललाच मत."

त्यांनी दुधाचं रजिस्टर पुढं सरकवलं. मी वहीत वर्तुळं काढली, क्लासमध्ये काढायचो तशीच. मत असणाऱ्यांचं एक वर्तुळ, त्यात क्रियाशील सभासदांचं, आणि निम्म्याच्या वर दिवस दूध घालणारे त्याच्या आत. नावं तपासत, आत-बाहेर टाकत मी खाली येत गेले. मजा येत होती, हे लपवत नाही. कित्येक महिने हत्ती आणि छत्र्या जुळवल्यावर पहिल्यांदाच खरी माणसं हाताखाली आली होती.

आबांचं नाव आलं. ते वर्तुळाच्या बाहेर पडत होतं.

मी थांबले. "काका, आबांचं?"

सचिव हसले. "तूच सांग. आपलं मानूस हाय म्हून वर्तुळ मोठं करतेत का तुझ्या पुस्तकात?"

नाही करत. आणि मी तर त्या घरची मुलगी, जिथं वशिल्याविरुद्धची पत्रकं मला पाठ होती. सोयऱ्याधायऱ्यांना आत घेणाऱ्यांना मी चौकात उभी राहून शिव्या दिल्या होत्या. स्वतःच्या बापासाठी नियम वाकवू? मी आबांचं नाव दुसऱ्या यादीत लिहिलं, 'अक्रियाशील'. लिहिताना मान ताठ झाली. त्या ताठपणाची आठवण मला आज सगळ्यात जास्त टोचते. मी एकेक नाव पाहत गेले, पण बाहेर पडणारी नावं एका वस्तीची आहेत हे पाहिलं नाही. न पाहणं म्हणजेच न्याय, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी यादी फलकावर लागली. आबा नेहमीप्रमाणे तिच्यापुढं उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे खालून वाचायला लागले. तळाला सचिवांची सही. तिच्यावर अक्रियाशील सभासदांची नावं. त्यांतलं शेवटून तिसरं त्यांचं.

मी मागं उभी होते. ते वळले नाहीत.

"अक्षर तुझं हाय."

"हो, आबा."

"पयली ओळ कुठून आणली?"

"सचिवकाकांनी सांगितली."

"छापलेली दावली?"

"न्हाई. पण नियम सगळ्यांना सारखाच लावलाय, आबा. मी कुणाचंच..."

"सारखाच हाय की," आबा म्हणाले. "म्हशी कुणाच्या आटल्या तेवढं बघ."

मग त्यांनी यादी परत तळापासून वरपर्यंत वाचली. वस्तीतली नावं एकेक करून पुटपुटले, हजेरी घ्यावी तशी. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

हरकत घ्यायला दोन दिवस होते. आबांनी अर्ज लिहिला. सचिव म्हणाले, अध्यक्ष बीडला गेलेत, आल्यावर बघू. अध्यक्ष सभेच्या सकाळीच आले.

सभा केंद्रापुढच्या अंगणात, ताडपत्रीच्या सावलीत होती. आमच्या लोकांना सावलीबाहेर, रस्त्याच्या कडेला बसवलं होतं. ठराव वाचला गेला. "विरोधात असतील त्यांनी हात वर करा." आतले थोडे हात वर झाले. बाहेर उन्हात आबांनी हात वर केला. मग वस्तीतल्या एकेकानं केला. मोजणारा ताडपत्रीच्या कडेपर्यंत आला आणि तिथूनच मागं फिरला.

आतून एक म्हातारा ओरडला, "हात खाली घे बे! मत न्हाई तुला. उगं कावून खांदा दुखवायलास?"

लोक हसले. आबांनी हात खाली घेतला नाही. ठराव पास झाल्याचं सांगून झालं, टाळ्या झाल्या, सतरंज्या गुंडाळायला लागले, तरी तो हात वरच होता. शेवटी मायनं जाऊन दंडाला धरून तो खाली आणला. "चला," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी तिला टोमणा सुचला नाही.

संस्थेच्या उपविधीची पुस्तिका मी नंतर मिळवली. नंतर, हेच माझं पाप. लेखी अर्ज केला, चार खेटे घातले, तेव्हा कपाटातून ती बारीक अक्षरातली पुस्तिका निघाली. सचिवांनी सांगितलेला नियम त्यात होता. खोटा नव्हता, अर्धा होता. त्याच पानावर पुढं लिहिलं होतं की टंचाई जाहीर झालेल्या वर्षात दुधाचा खंड पडला तर त्यामुळं सभासद अक्रियाशील धरू नये.

मी घरी जाऊन आबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "पानावर कुठं हाय?"

मी बोटानं दाखवलं. खालून दुसरी ओळ.

आबांनी मान हलवली आणि उठून म्हशीकडं गेले.

ती पुस्तिका जोडून तालुक्याच्या कार्यालयात मी तक्रार दिली. पोच मिळाली, शिक्का मिळाला. त्यापुढं काही मिळालं नाही. खाजगी टेम्पो वेशीपाशी यायला लागला. पुढच्या साली पाऊस झाला, म्हशी पुन्हा दुधावर आल्या, वस्तीतली माणसं चरव्या घेऊन गेली. टेम्पोवाला कधी म्हणायचा कॅन भरले, कधी म्हणायचा दूध पातळ आहे, डिग्री लागत नाही. वरच्या आळीच्या चरव्या मात्र नंतर येऊनही रिकाम्या व्हायच्या. आबा एकदाही गेले नाहीत. सकाळी धुतलेला सदरा घालून ते दाराशीच बसायचे. मायनं दूध विरजायला सुरुवात केली. इतकं दही आमच्या घरात कधीच नव्हतं, आणि ते कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

परीक्षेत तर्काच्या विभागात माझं एकही उत्तर चुकलं नाही. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लई चांगलं झालं, लेकी." त्यांनी ते मनापासून म्हटलं. तेच सहन होत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबा गेले. पेटी माझ्याकडं आली. गुलाबी-पिवळ्या पत्रकांच्या थप्पीत सगळ्यात वर माझ्या अक्षरातली ती यादी होती. फलकावर जुनी झाल्यावर त्यांनी ती काढून आणली असणार. चार घड्या घालून, इतर पत्रकांसारखीच नीट ठेवलेली. त्यांनी तिच्यावर काही लिहिलं असेल म्हणून मी ती उलटून पाहिली. दोनदा पाहिली. काही नव्हतं.

तुमच्याही गावात एखादी संस्था असेल, दुधाची, उसाची, पाण्याची किंवा कर्जाची. तिच्या सभेआधी भिंतीवर एक यादी लागते आणि हरकतीला थोडेच दिवस असतात. या वर्षी ती लागली की जा. तुमचं नाव आत असलं तरी जा. तळापासून वाचा. बाहेर काढलेली नावं एकापाठोपाठ एक मोठ्यानं म्हणा, म्हणजे ती कुठल्या वस्तीची आहेत ते कानाला कळेल. मग आत जाऊन उपविधीची छापील प्रत मागा, तोंडी नियम ऐकून परतू नका. आणि पान संपेपर्यंत वाचा. हे सभेच्या आधी करा. मी नंतर केलं.