कुठं मिळालं?

बाईंची नोकरी गेली ती माझ्या एका सहीमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्या गमती सांगताना मला हसू येईल, तुम्हालाही येईल, आणि मग हे सांगण्याचं धैर्य उरणार नाही. इतकी वर्षं तसंच होत आलं आहे.

जयपूरच्या पुरानी बस्तीत एका घराच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती आणि खालच्या मजल्यावर बाई राहत. मूळच्या साताऱ्याकडच्या, लहान वयात विधवा झालेल्या, मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या. कॉलेजात त्यांना सगळे 'बहनजी' म्हणत. आम्हा चार मराठी घरांच्या त्या 'बाई'. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत नुकताच लागलो होतो. अजून कायम झालो नव्हतो.

कुठलीही वस्तू समोर आली की बाई आधी तिच्याकडे बघत नसत. आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "कुठं मिळालं?"

माझ्या आईनं पुण्याहून डिंकाचे लाडू पाठवले. मी डबा घेऊन खाली गेलो. बाईंनी एक लाडू हातात घेतला. "डिंक कुठं मिळाला?" मला काय ठाऊक. मग आईला पत्र टाकून विचारावं लागलं. उत्तर येईपर्यंत लाडू संपले होते, तरी बाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

भाजीवाल्याला त्या रोज विचारत, "भैयाजी, ये मूली किधर मिला?" तो वैतागून म्हणे, "बहनजी, खेत में मिली. मंदिर में थोड़े ही मिलेगी." "कौनसा खेत?" मग तो सांगानेरकडच्या कुठल्याशा विहिरीचं नाव घेई आणि बाई समाधानानं मुळा पिशवीत टाकत. त्यांचं हिंदी असंच होतं. मुळा, मूर्ती, मुलगी, सगळ्यांना एकच लिंग.

वर्गातही तेच. एका मुलीनं निबंधात फार सुंदर वाक्य लिहिलं. बाईंनी त्याच्याखाली शेरा मारला, 'किधर मिला?' मुलगी रडत घरी गेली.

एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, 'सापडलं' म्हणावं. मिळालं म्हणजे कुणीतरी दिलं असं वाटतं."

"सापडायला ते आपण हरवलं होतं का?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं हरवलेलं असतं. आपल्याला नुसतं मिळतं."

हे त्या कशाबद्दल बोलत होत्या ते सांगायला हवं. बाईंच्या खोलीत फळ्यांची एक मांडणी होती. तिच्यावर खापराचे तुकडे, मणी, गंजलेली तांब्याची कडी, एक-दोन झिजलेली नाणी. जयपूरच्या आसपास जुन्या वस्त्यांची टेकाडं आहेत. पावसानं उतार धुपला की असं काहीबाही वर येतं. बाई सुट्टीच्या दिवशी मुलींना घेऊन तिकडे जात. खणायचं नाही, हा त्यांचा नियम. वर पडलेलं तेवढंच, तेही जागा लिहून घेतल्याशिवाय उचलायचं नाही. प्रत्येक वस्तूच्या पोटाशी दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असे. टेकाडाची कुठली बाजू, किती उंचीवर, शेजारी काय होतं. "जागा गेली की हे नुसतं खापर," त्या म्हणत. "मग कुंड्यांच्या बुडाशी घाला."

आणि दर खेपेला त्या कलेक्टर कचेरीत जाऊन काय मिळालं ते कळवत. तिथल्या कारकुनाची गोष्ट त्या स्वतःच साभिनय सांगत. तो दारातूनच म्हणे, "बहनजी, फिर ठीकरे ले आईं?" आणि पोच देताना कपाळाला हात लावी. मी हसून म्हटलं होतं, "खापरांसाठी कशाला एवढं?"

बाई हसल्या नाहीत. "अरे, जमिनीत मिळालेली वस्तू लपवून ठेवली तर गुन्हा. न कळवता विकली तर विकणारा अडकला, घेणारा अडकला. आणि परवानगीशिवाय परदेशी गेली, तर मग किती जण अडकतील ते विचारू नकोस. जोहरी बाजारात गोरे लोक काय हिंडतात उगाच?"

कायदा मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. लाडू खाता खाता मला तो समजावून सांगितला गेला होता.

त्या वर्षी शीतलामातेच्या जत्रेला बाई मुलींना घेऊन जयपूरजवळच्या चाकसूला निघाल्या. त्या दिवशी बसगाड्या भरपूर असतात, एवढाच त्यांचा देवीशी संबंध. मलाही बरोबर घेतलं, पाण्याच्या सुरया उचलायला कुणीतरी हवं होतं. त्या दिवशी तिकडे सगळे आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात. आम्ही बाजरीची ताकातली थंड राबडी प्यालो आणि जत्रेच्या गर्दीतून बाहेर पडून दूरच्या एका टेकाडाकडे चालू लागलो. मुली कुरकुरत होत्या, त्यांना पाळण्यात बसायचं होतं. "पाळणे पुढच्या वर्षी पण येणार," बाई म्हणाल्या. "टेकाडाचं काही सांगता येत नाही."

त्या पुढे, मुली मागे, मी सगळ्यांत शेवटी. एका ओघळीत मला काहीतरी तांबूस दिसलं. मी वाकलो. भाजलेल्या मातीची एक बाई होती, वीतभरही नसेल. डोक्यावर भला मोठा अंबाडा, कानात जाड कुंडलं, एक हात मोडलेला. पाठीवर घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा खळगा होता. त्यात मी माझा अंगठा ठेवून पाहिला. तो बसला.

बाईंची पाठ माझ्याकडे आहे एवढं पाहून मी ती खिशात टाकली.

"काही मिळालं का रे?" बाईंनी वरून विचारलं.

"नाही, बाई."

मला पैशांची नड नव्हती. घरी कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न अडलेलं नव्हतं. कचेरीतल्या सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि माझ्या नव्हतं, एवढंच. जोहरी बाजारातल्या एका दुकानदारानं मूर्ती उलटीपालटी करून पाहिली, कुठून आणली ते विचारलं नाही, नुसतं माझं नाव वहीत लिहून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी माझ्या हातावर घड्याळ आलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बाई भेटल्या. "अरे वा. कुठं मिळालं?"

"जोहरी बाजारात," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. तुम्हीही पाहिलं असेल, पुष्कळदा माणूस अगदी खरं बोलून निसटतो.

ते घड्याळ पाहून बाईंना आनंदच झाला. थोड्याच दिवसांपूर्वी कचेरीतल्या हिंदीच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो आणि त्याचे पेढे बाईंनी स्वतः साऱ्या गल्लीत वाटले होते. त्यांना वाटलं, घड्याळ त्याच कौतुकाचं.

पाऊस संपता संपता तो दुकानदार पकडला गेला. एका परदेशी पाहुण्याच्या सामानात ती मूर्ती निघाली. दुकानदारानं माझं नाव सांगितलं. मला ठाण्यावर बोलावलं तेव्हा तिथल्या मुन्शीनं, जबाब लिहिणाऱ्यानं, आधी पाणी दिलं.

"मूर्ति कहाँ से आई?" ठाणेदारानं विचारलं.

मी म्हणालो, "चाकसू की तरफ, टीले पर मिली. बहनजी के साथ गया था."

ठाणेदारानं मुन्शीला मजकूर सांगितला. मुन्शीनं लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. "पढ़े-लिखे हो, पढ़ लो. फिर दस्तखत."

मी वाचलं. 'मूर्ति मुझे बहनजी से मिली.'

बहनजींबरोबर गेलो असताना मिळाली, असं मी बोललो होतो. बहनजींकडून मिळाली, असं कागदावर होतं. घाईत झालं की मुद्दाम, ते मला आजही ठाऊक नाही. मी मान वर केली. ठाणेदार चहा ढवळत होता.

"कुछ गलत है?" त्यानं विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "देखो बाबू, जिसे मिली वो मुलज़िम. जिसने बताया वो गवाह. तुम्हारी नौकरी तो अभी पक्की भी नहीं."

"ठीक है," मी म्हणालो आणि सही केली. सही करताना घड्याळ कागदाला घासलं, म्हणून मी ते जरा वर सरकवलं. हे मला फार स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस बाईंकडे आले. मी वरच्या कठड्याशी उभा होतो. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, चहाचं विचारलं. ठाणेदार मांडणीवरची एकेक वस्तू उचलून विचारू लागला, "ये कहाँ मिला?" आणि बाईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला. इतक्या वर्षांत त्यांचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या भराभर सांगत सुटल्या, उत्तरेचा उतार, नाल्यापासून वर, राखेच्या थराजवळ. कलेक्टर कचेरीच्या पोचा काढून दाखवल्या.

मग त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली ती मूर्ती काढली. "और ये?"

बाईंनी ती दोन्ही हातांत घेतली. पाठीवरचा खळगा पाहिला. "ये मेरे पास कभी नहीं था," त्या म्हणाल्या. "इसका जगह मुझे मालूम नहीं." आणि त्यांनी वर, कठड्याकडे पाहिलं.

शिपायांनी सगळी मांडणी गोणपाटाच्या पोत्यात रिकामी केली. मूठ मूठ भरून. दोरे तुटले, चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या. बाई ओणव्या होऊन त्या गोळा करत म्हणत होत्या, "भैयाजी, चिठ्ठी उसके साथ रखो. उसके साथ." एक शिपाई म्हणाला, "माताजी, कागज आप रख लो."

बाईंवर खटला उभा राहिला नाही. पोचा होत्या, आणि त्या वैतागलेल्या कारकुनानं बाईंच्या बाजूनं साक्ष दिली. दुकानदार दंड भरून सुटला. माझ्याकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही. पण कॉलेजच्या मंडळींनी बाईंना बोलावून सांगितलं की मुलींचे आईवडील नाराज आहेत, मूर्ती विकणाऱ्या बाईच्या हाती मुली कशा द्यायच्या. बाईंनी राजीनामा लिहून दिला.

आमच्या चार घरांत मला लोक टाळू लागले. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "अहो, माझं हिंदी. 'के साथ' आणि 'से' यांत घोटाळा झाला." मराठी माणसाच्या हिंदीला हसायची सगळ्यांना सवय, त्यामुळे ते चटकन पटलं. आणि पटवण्यात बाईंनीच मदत केली. निरोपाला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "पोराचं हिंदी कच्चं आहे हो. माझं तरी कुठं धड आहे?" सगळे हसले. मीही हसलो.

टांग्यात बसताना त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि चिठ्ठ्यांची एक पुरचुंडी होती. वस्तू सरकारजमा, चिठ्ठ्या बाईंजवळ. त्यांचा आता एकमेकींना काही उपयोग नव्हता.

मी कायम झालो. बढत्या मिळाल्या, लग्न झालं, मुलं झाली. मुलं घरात "मतलब" आणि "भैया" म्हणत मोठी होत आहेत. धाकटा शाळेतून येताना रोज खिशातून काहीतरी काढतो, गोटी, बिल्ला, मोरपीस. एके दिवशी मी त्याला सहज विचारलं, "कुठं मिळालं?" आणि माझ्याच आवाजात मला बाई ऐकू आल्या. त्या महिन्यात रजा काढून मी साताऱ्याला गेलो.

भाच्याकडे मागच्या पडवीत बाई बसल्या होत्या. मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"कुठं मिळाले?"

"इथेच, स्टँडजवळ." मग मला थांबता येईना. "बाई, ती मूर्ती. कागदावर लिहिलं होतं ते मला कळलं होतं. हिंदीचा घोटाळा नव्हता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तू हिंदीत पहिला आला होतास. पेढे मीच वाटले होते."

"मग तेव्हा तुम्ही तसं का सांगितलंत?"

पुड्याचा दोरा त्या बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "त्या टेकाडावरच ना? कुठं मिळाली?"

मी डोळे मिटले. ओघळ आठवली. पण ती उगवतीकडची की मावळतीकडची? वर खेजडीचं झाड होतं, की ते परतीच्या वाटेवर? तांबूस रंग आठवला, अंबाडा आठवला, अंगठा बसला ते आठवलं. बाकी काही नाही. त्या दिवशी मी इकडेतिकडे पाहिलंच नव्हतं. फक्त बाई बघत नाहीत ना, एवढंच पाहिलं होतं.

"आठवत नाही, बाई."

"म्हणजे ती पण गेली," त्या हळूच म्हणाल्या आणि पुडा बाजूला ठेवला.

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो. "मला ती मिळाली नव्हती, बाई. मी ती उचलली. आणि तुमच्या नावावर टाकली. चुकलो मी. मला क्षमा करा."